पान पिवळं पडलं म्हणून लगेच खत नको: कुंडीतल्या टोमॅटो-मिरचीचं नेमकं काय बिनसलंय ते कसं ओळखावं

कुंडीतलं रोप मलूल दिसलं की आपण आधी तांब्याभर पाणी ओततो. दोन दिवसांत फरक पडला नाही की मूठभर खत टाकतो. कुंडीत बोट घालून बघायचं मात्र कोणाला सुचत नाही. मलाही सुचलं नव्हतं. पहिल्या वर्षी माझी एक ढोबळी मिरची रोज दुपारी मान टाकायची, म्हणून मी तिला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होतो. खालची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असं ठरवून युरिया दिला. आठवड्याभरात रोप गेलं. कुंडी उलटी केली तर तळाची चार बोटं माती नुसता चिखल. मुळं तपकिरी, आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा. वास साचलेल्या डबक्यासारखा. त्या रोपाला तहान लागलेलीच नव्हती.

तेव्हापासून मी एक क्रम धरलाय: आधी पाणी, मग मुळं, मग पानं, मग कुंडीत साठलेले क्षार आणि सामू (म्हणजे पीएच, माती किती आंबट किंवा खारी त्याचं माप), आणि खत सगळ्यात शेवटी. नवख्यांचे बहुतेक घोळ पहिल्या दोन पायऱ्यांवरच सुटतात. मी टोमॅटो आणि मिरची धरून लिहितोय, पण वांगं, झेंडू किंवा कुंडीतलं कुठलंही भराभर वाढणारं, भरपूर खाणारं झाड घ्या, रीत तीच.

पहिली पायरी: रोप कधी कोमेजतं ते बघा

भर दुपारी पानं लोंबली म्हणजे पाणी हवंच आहे असं नाही. कडक उन्हात पानांतून जेवढं पाणी उडून जातं तेवढं मुळं त्या क्षणी वर ओढू शकत नाहीत, म्हणून रोप पानं खाली सोडतं. ऊन उतरलं की तासा-दोन तासांत ते आपलं आपण ताठ होतं. तेव्हा निर्णय दुपारी घेऊ नका. सकाळी ऊन पडायच्या आत जाऊन बघा. सकाळीही रोप मलूलच असेल तर काहीतरी खरंच बिनसलंय.

आता कुंडी उचला. उचलण्याएवढी लहान नसेल तर एका बाजूने थोडी कलती करा. पाणी दिल्यावर कुंडी किती जड लागते आणि दोन-तीन दिवसांनी किती हलकी होते, हे हाताला एकदा कळलं की निम्मं काम झालं. मग मलूल रोपाची हलकी कुंडी म्हणजे तहान. मलूल रोपाची जड कुंडी म्हणजे मुळं गुदमरली आहेत. वरून दोन्ही रोपं जवळजवळ सारखीच दिसतात, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. थोडा फरक असतो: तहानलेल्या रोपाची पानं पातळ, कागदासारखी लागतात, पाण्यात बसलेल्या रोपाची पानं लोंबलेली असूनही जाड, फुगीर लागतात. पण वजनाइतकी खात्रीची खूण दुसरी नाही.

मग बोट घाला, पेरभर नाही तर दोन पेरं. वरचा थर उन्हाने पांढरा पडलेला असतो आणि त्याखाली माती ओली असते, हे रोजचंच आहे. वरचा रंग बघून पाणी घालणारे सगळेजण इथेच चुकतात. आपल्याकडे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो तोच कुंडीत हवा: माती हाताला ओलसर, गार लागावी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी ठिबकू नये आणि टिचकी मारली की गोळा फुटावा. मुळांना पाणी लागतं तशीच हवाही लागते. मातीची सगळी छिद्रं पाण्याने भरली की मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, आणि श्वास बंद झालेलं मूळ भोवती पाणी असूनही ते ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं रोप सुकल्यासारखं दिसतं.

पाणी कसं द्यायचं, आणि कधी नाही

ठरावीक वारी ठरावीक तांबे असं वेळापत्रक करू नका. कुंडी हलकी झाली, दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली, की पाणी द्या. आणि देताना तळाच्या भोकातून थोडं वाहेपर्यंत द्या. दिलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा हिस्सा खालून बाहेर यावा. रोज घोटभर शिंपडण्याने वरची दोन बोटंच ओली होतात, मुळं तिथेच घुटमळतात आणि क्षार आत साठत जातात. खालच्या ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका, नाहीतर तेच क्षार रोप पुन्हा शोषून घेतं.

हाताएवढं रोप मोठ्या कुंडीत लावलं असेल तर पाणी आठवडाभरही टिकतं आणि तिथेच मुळं कुजतात. उलट फळांनी लगडलेला टोमॅटो १२ इंची कुंडीतलं दीड-दोन लिटर पाणी उन्हाळ्याच्या एका दिवसात सहज संपवतो. मातीच्या कुंडीच्या भिंतीतूनही पाणी उडतं, प्लास्टिकच्या उडत नाही. हे सगळं माहीत असून ‘रोज किती पाणी घालू’ या प्रश्नाला कोणी आकड्यात उत्तर दिलं, तर ऐकून सोडून द्या.

एक फसवं प्रकरण कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. कडेने आकसतं, कुंडीच्या भिंतीपासून सुटतं, आणि तुम्ही ओतलेलं पाणी त्या फटीतून दहा सेकंदांत खाली येतं. तुम्हाला वाटतं कुंडी भरली. मधला गड्डा कोरडा ठणठणीत. पाणी ओतल्यावरही कुंडी हलकीच लागली तर हेच झालंय. मग ती कुंडी पाण्याच्या टबात निम्म्यापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवा. आधी बुडबुडे येतील, ते थांबले की बाहेर काढून निथळू द्या.

दुसरी एक जुनी समजूत: निचऱ्यासाठी तळाशी खड्यांचा थर द्यायचा. याने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत तेव्हाच उतरतं जेव्हा वरची माती पूर्ण भरते. म्हणजे पाण्याचा साठलेला थर जो तळाला असता तो खड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच कोकोपीट, जाड वाळू किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) मिसळा.

दुसरी पायरी: मुळं बघा

याला लोक घाबरतात, पण संध्याकाळच्या वेळी, माती जरा कोरडी असताना, रोपाचा बुंधा दोन बोटांत धरून कुंडी उलटी करून तळाला दोन थापा मारल्या तर गड्डा अख्खा बाहेर येतो. अर्धं मिनिट बघा आणि परत ठेवा, रोपाला काही होत नाही. पांढरी मुळी दिसली, टोकं ताजी, वास ओल्या मातीचा, तर मुळं ठीक आहेत, पुढच्या पायरीवर जा. मुळं तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल निघते, वास नासका: मूळकूज. मुळांनी कुंडीच्या भिंतीला गोल वेढे घातले आहेत आणि माती दिसतच नाही: कुंडी लहान पडली. मग कितीही पाणी घाला, दुपारपर्यंत संपणार. खत देऊन तर आणखी हाल.

मूळकूज निघाली तर पाणी तोडा. कुजलेला भाग कापा, नव्या मोकळ्या मातीत लावा, आणि वरची थोडी पानं-फळं कमी करा, कारण उरलेल्या मुळांना एवढा पसारा पोसता येणार नाही. सावलीत ठेवा. आणि खत अजिबात नाही. जखमी मुळांवर मीठ चोळण्यासारखंच आहे ते, शब्दशः.

मुळं चांगली, वाफसा चांगला, तरी रोप सकाळीसुद्धा मलूल आणि दोन-चार दिवसांत हिरवंच्या हिरवं वाळत चाललंय, तर तो मर रोग असू शकतो. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा तिरका कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात लटकवा. काही मिनिटांत कापातून दुधाळ पांढरे धागे खाली उतरताना दिसले तर जिवाणूजन्य मर. ते रोप मातीसकट काढून टाका, त्या कुंडीत पुन्हा टोमॅटो-मिरची लावू नका.

तिसरी पायरी: जुनं पान की नवं पान?

पाणी आणि मुळं ठीक निघाली, तरच पानांचा रंग वाचायला बसा. इथे एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर तक्ते पाठ करावे लागत नाहीत. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोप जुन्या पानातून काढून नव्या पानाला देऊ शकतं. म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियम, लोह, बोरॉन एकदा जिथे बसली तिथून फारशी हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्यावर दिसते.

खालचं अख्खं पान, शिरांसकट, एकसारखं फिकं-पिवळं होतंय आणि रोपाची वाढ मंद आहे: नत्र. सगळ्यात जास्त वेळा दिसणारं हेच. (पण अगदी तळाची, सावलीत गेलेली एक-दोन पानं पिवळी होणं हे म्हातारपण आहे, आजार नाही. ती खुडून टाका आणि विसरा.)

खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम. फळं धरल्यावर टोमॅटोत हे हमखास दिसतं, त्यातही पालाशयुक्त खत जास्त होत असेल तर. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियमचं शोषण मागे पडतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा.

खालच्या पानांची कड करपली, मधला भाग हिरवा: पालाश कमी. पण थांबा. क्षार साठल्यानेही कडा करपतात आणि तेच जास्त वेळा होतं. पुढची पायरी बघितल्याशिवाय पालाश देऊ नका.

पानांची खालची बाजू जांभळट: स्फुरद. मात्र थंडीतही रोपं जांभळी पडतात, कारण गार मातीत मुळं स्फुरद उचलत नाहीत. ऊब आली की आपोआप जातं.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र रेघ ओढल्यासारख्या हिरव्या: लोह. बहुतेक वेळा मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. कारण एक तर अति पाणी, नाहीतर सामू चढलेला. पाणी आधी तपासलंच आहे, आता सामू.

शेंडाच करपतोय, नवी पानं वेडीवाकडी: कॅल्शियम किंवा बोरॉन. पण मिरचीचा शेंडा चुरगळला तर आधी भिंग घ्या. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी (माइट नावाची सूक्ष्म कीड). हा चुरडा-मुरडा, बोकड्या. त्यावर खताचा काडीमात्र उपयोग नाही, उलट नत्र दिलं तर किडीला आणखी लुसलुशीत कोवळं पान मिळतं. टोमॅटोत पांढरी माशी पानं आवळणारा विषाणू आणते. तेही खताने सुटत नाही. पान उलटं करून बघितल्याशिवाय ‘कमतरता’ हा शब्द तोंडातून काढू नये असं माझं मत आहे.

चौथी पायरी: क्षार आणि सामू

कुंडीच्या कडेला, मातीवर किंवा ताटलीत पांढरी पपडी दिसते? पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कुरकुरीत, आणि रोप ओल्या मातीतही तहानल्यासारखं? म्हणजे खत जास्त झालंय. मातीतलं पाणी इतकं खारं होतं की मुळांना ते ओढणं जड जातं. फुलं-फळं न धरता नुसता गडद हिरवा पाला माजलाय, पानांची टोकं आकड्यासारखी खाली वळली आहेत, तर त्यातलं नत्र जास्त आहे.

तपासायला सोपी रीत: नेहमीसारखं पाणी द्या, अर्ध्या तासाने वरून आणखी पेलाभर साधं पाणी ओता आणि तळातून येणारं पाणी वाटीत धरा. विद्युतवाहकता मोजायचं छोटं पेनासारखं मीटर असेल तर दिलेलं पाणी आणि आलेलं पाणी, दोन्ही मोजा. आलेल्याचा आकडा दुपटीच्याही पुढे गेला असेल तर क्षार साठताहेत. मीटर नसेल तर पपडी आणि करपलेल्या कडा एवढा पुरावा पुरेसा आहे.

उपाय स्वस्त आहे: कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश, टप्प्याटप्प्याने ओतून खालून वाहू द्या. १० लिटरची कुंडी असेल तर २० लिटर. त्यानंतर वाफसा येईपर्यंत पाणी नाही आणि दहा-बारा दिवस खत नाही. फक्त मुळं कुजलेली असतील तर हे धुणं करू नका, तिथे माती बदलणंच बरं.

त्याच वाटीतल्या पाण्याचा सामू बघा, पट्टी किंवा थेंबांच्या किटने. मातीत खुपसायचे जे दोन पायांचे स्वस्त मीटर मिळतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मातीच्या मिश्रणात ६ ते ६.८ चांगला, निव्वळ कोकोपीटमध्ये ५.५ ते ६.५. साडेसातच्या वर गेला की लोह असूनही मिळत नाही. विहिरी-बोअरचं जड पाणी महिनोन्‌महिने घातलं की हेच होतं, त्यातले बायकार्बोनेट हळूहळू सामू चढवत नेतात. अशा वेळी चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल असं बांधून ठेवलेलं लोह) घेताना पुडीवर काय लिहिलंय ते वाचा: ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या पुढे गेला की मातीत टिकत नाही, फवारणीला मात्र चालतं. चढलेल्या सामूच्या मातीत द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

बूड काळं पडलेली फळं

याला वेगळं लिहितो, कारण इथे नवखे हमखास चुकतात. टोमॅटोच्या देठाविरुद्धच्या टोकाला पाणचट डाग पडतो, मग तो काळा, चामड्यासारखा, खोलगट होतो. ढोबळीत तो थोडा बाजूला पडतो आणि उन्हाने भाजल्यासारखा दिसतो. लोक बुरशीनाशक मारतात. बुरशी नव्हे, वाढत्या फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. आणि ते का पोचलं नाही, तर बहुतेक वेळा पाण्यामुळे. कॅल्शियम मुळांतून वर जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाबरोबरच जातं. पानांतून पाणी भरपूर उडतं म्हणून प्रवाह पानांकडे ओढला जातो. फळातून जेमतेम उडतं. एक दिवस कुंडी खडखडीत कोरडी, दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं चाललं की फळाच्या टोकाला टंचाई होते. पानांवर मारलेलं कॅल्शियम पानातून फळात जात नाही, त्यामुळे फवाऱ्याचा भरवसा धरू नका. पाणी नियमित करा, मातीवर पाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन घाला, नत्राचा मारा थांबवा. डागाळलेली फळं बरी होत नाहीत, तोडून टाका म्हणजे पुढच्यांना वाटा मिळेल.

शेवटी खत, आणि तेही मोजून

एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत म्हणजे १०० ग्रॅममध्ये १९ ग्रॅम नत्र, आणि तेवढंच स्फुरद-पालाश त्यांच्या ऑक्साइडच्या हिशोबात. लिटरला १ ग्रॅम विरघळवलं तर त्या पाण्यात १९० मिलिग्रॅम नत्र झालं. भर वाढीतल्या टोमॅटोलाही हे पुरून उरतं. आता चहाचा सपाट चमचा घ्या, त्यात साधारण ५ ग्रॅम मावतं. ‘लिटरला एक चमचा’ असं कोणी सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत, की पाचपट झालं. ग्रॅम मोजणारा छोटा काटा घ्या, नाहीतर एक चमचा ५ लिटरच्या बादलीत टाका. नवख्याने अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करावी, दहा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. कोरड्या मातीत कधीच नाही.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. एकराला पोत्याने जाणारी ही वस्तू कुंडीत चिमटीने मोजता येत नाही, म्हणून मी ती कुंडीपासून लांब ठेवतो. शेणखत पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं असेल तरच घाला. कच्चं शेण, लाकडाचा भुसा, न कुजलेला पालापाचोळा मातीत मिसळला तर ते कुजवणारे सूक्ष्मजीव रोपाच्या वाट्याचं नत्रच खाऊन टाकतात किंवा माती तापते. गांडूळखत आणि पेंडी सावकाश लागू पडतात. आज घातलं आणि परवा पान हिरवं झालं नाही म्हणून आणखी घालू नका.

कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट एकाच घट्ट द्रावणात एकत्र करू नका, दोघांचं जिप्सम होऊन तळाला पांढरा गाळ बसतो. कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाच्या खतांचंही तसंच. वेगवेगळ्या दिवशी द्या.

बदल एका वेळी एकच करा आणि तारीख कुंडीवरच लिहून ठेवा. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहितो, पावसात पुसत नाही. मग सात ते दहा दिवस हात आवरा. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, पिवळं म्हातारं पानही बहुधा परतत नाही, तेव्हा बरं झालं की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नका. शेंड्याजवळ एक पान निवडा, त्याच्या देठाला सुताचा सैल दोरा बांधा, आणि त्या दोऱ्याच्या वर येणारी नवी पानं कशी येताहेत तेवढंच बघा.